छप्पन्न तारांचा हिशोब

१

पलंग अर्धा जळाला होता, उशी पुरती जळाली होती, आणि रोज दुपारी त्याच उशीवर डोकं टेकणारे घड्याळजी केवळ तहान लागली म्हणून वाचले होते. पाणी प्यायला ते स्वयंपाकघरात गेले, पेला ओठाला लावला आणि मागे खोलीत भडका उडाला. खिडकीची काच उडाली ती थेट समोरच्या इमारतीच्या गच्चीवर. खरं सांगायचं तर खिडकीखालच्या कुंडीत पडली, पण कुंडी म्हटलं की ऐकणारा जांभई देतो.

ही कालची गोष्ट. आज दुपारी दोन वाजता त्या काळ्याठिक्कर खोलीत आम्ही दाटीवाटीने उभे होतो. घर मालकीणबाईंचं. घड्याळजी त्यांचे वडील. पन्नास वर्षं मनगटी घड्याळं दुरुस्त करून दुकान विकलं आणि लेकीकडे राहायला आले. वायरिंग केलं होतं माझ्या मेहुण्याने. आणि मेहुणा संकटात, म्हणून त्याची थोरली बहीण, म्हणजे माझी बायको, मला ओढत घेऊन आली होती.

हिने तीस वर्षं घरोघर फिरून विजेचे मीटर वाचले. सगळे तिला मीटरबाई म्हणतात. कोणत्या घरात पाहुणे आलेत आणि कोणत्या घरात नवरा-बायको वेगवेगळ्या खोल्यांत पंखे लावून झोपतात, हे ती आकडे बघून सांगायची. नोकरीतून ती निवृत्त झाली, पाय मात्र झाले नाहीत. खुर्ची दिली तर खुर्चीभोवती फिरते.

विद्युत निरीक्षक साहेबांनी भिंतीतून बाहेर लोंबणारं वायरचं जळकं टोक चिमट्यात धरलं, भिंग लावलं आणि मोजलं.

"चौदा."

"काय चौदा?" मालकीणबाई दचकल्या.

"तारा, बाई. वायरीच्या आत केसासारख्या तारा असतात. चौदा तारा म्हणजे एक एमएमची वायर. दिव्याला, पंख्याला लावतात ती. आणि या गृहस्थांनी ती दोन टनांच्या एसीला लावली."

मेहुण्याचा चेहरा भिंतीसारखाच झाला. "साहेब, मी चार एमएमची टाकलीय. छप्पन्न तारांची. बोर्डाकडचं टोक बघा."

"बघितलं. तिकडे जाडच आहे. बोर्डाशी जाड, एसीशी बारीक आणि मध्ये पाइपात गुपचूप जोड. कैक वर्षं हाच खेळ बघतोय मी." साहेबांनी मेहुण्याचा परवाना घडी करून स्वतःच्या खिशात टाकला. "चार वाजता कचेरीत पोचतो. शिक्का मारला की हा रद्द. माणूस मेला असता इथे!"

त्या कागदावर मेहुण्याचं सव्वीस वर्षांचं पोट चाललं होतं. तो उगाच पक्कड उघडत होता, मिटत होता.

ही खोलीत तिसरी फेरी मारून थांबली. "साहेब, जोड पाइपात आहे म्हणता ना? मग वायर ओढून काढू या. जोड असला तर बाहेर येईल."

"आणि आला तर?"

"तर शिक्का मीच मारते. काय रे धाकट्या?"

धाकट्याने मान डोलवली. आणि तो बोर्डाकडे निघाला.

२

बोर्ड बाहेर दिवाणखान्यात. तिथून खोलीतल्या एसीपर्यंत भिंतीतून बावीस पावलांचा पाइप. मेहुण्याने वीज बंद करून वायरी सोडवल्या, पाय भिंतीला रोवले आणि ओढायला लागला. मी जळक्या टोकाशी उभा राहून ते आत सरकताना बघत होतो.

"चार एमएमच का टाकायची पण?" मालकीणबाईंनी हळूच विचारलं. "वायर ती वायर."

"एसी बारा अँपिअर ओढतो, बाई," ही म्हणाली. "सुरू होताना आणखी. तोही उन्हाळ्यात तासन्‌तास, दम न खाता. शिवाय तुमचा बोर्ड लांब. एवढं सगळं बारीक वायरीतून न्यायचं म्हणजे वायर तापणार. म्हणून आधी ओझं बघायचं, मग अंतर, मग वायर निवडायची."

"पण ते बटण असतं ना, आपोआप पडणारं? ते का नाही पडलं?"

"एमसीबी? तो वीस अँपिअरचा आहे. जाड वायरीच्या बेताने बसवलेला. बारा अँपिअर त्याच्या हिशेबाने काहीच नाही. पुढे कुठे वायर बारीक झाली, तर ती जळून जाईपर्यंत त्याला पत्ताच लागत नाही."

हे ऐकून मालकीणबाईंनी पदर तोंडाला लावला. वडिलांकडे बघितलं. घड्याळजी दाराशी स्टुलावर बसले होते, एक भुवई जळलेली. त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. आगीतून वाचलेल्या म्हाताऱ्याला लोक फक्त पाणी विचारतात.

एवढ्यात बाहेरून मेहुण्याचा आवाज आला. "ताई... अडकली."

सगळे बाहेर धावलो. सात-आठ पावलं वायर बाहेर आली होती आणि पुढे हलायला तयार नव्हती. मेहुणा घामाघूम. मीही हात लावला. माझ्या तरुणपणी मी एका हाताने बैलगाडी थांबवली आहे. बैल तेव्हा सोडलेले होते ही गोष्ट वेगळी. वायर तसूभर हलली नाही.

"जोड," साहेब म्हणाले. मनगटावरचं घड्याळ बघितलं. "पावणेतीन."

"जोड नाही, वळण आहे," ही म्हणाली. "बाई, अंगाला लावायची पावडर आहे?"

मालकीणबाईंनी डबा आणला. हिने पाइपाच्या तोंडात अर्धा डबा रिकामा केला आणि मला म्हणाली, "फुंका. गोष्टी सांगताना एवढी हवा असते, ती आज कामाला येऊ दे."

मी फुंकलं. निम्मी पावडर माझ्या मिशीत बसली, निम्मी आत गेली. मेहुण्याने मागे-पुढे, मागे-पुढे केलं, मग एकदम जोर लावला आणि सरसरत सगळी वायर त्याच्या अंगावर आली. तो सपशेल जमिनीवर.

बावीस पावलं, अखंड. एक जोड नाही.

साहेब गुडघ्यावर बसले आणि वायर बोटांत धरून सबंध तपासत गेले. हिने डोक्यातली पिन काढली, जळक्या टोकावरची काजळी खरवडली आणि भिंग मागून घेतलं.

"हे बघा. चौदा तारा लांब आहेत. त्यांच्या भोवती कडं करून बाकीच्या आहेत, अगदी मुळाशी. वितळलेल्या तांब्याला टोकाशी गोळी येते. यांना गोळी नाही. सपाट आहेत. मोजा."

साहेबांनी मोजल्या. दोनदा मोजल्या. "बेचाळीस."

"बेचाळीस आणि चौदा?"

"छप्पन्न." साहेब उठले. मेहुण्याच्या चेहऱ्यावर रंग येऊ लागला होता, तो त्यांनी एका वाक्यात पुसला. "म्हणजे वायर बरोबर टाकली आणि टोक स्वतःच छाटलं! छाटलेली वायर ही बारीकच वायर. टाकणारा हा, तर छाटणारा दुसरा कोण?"

३

"साहेब, मी कशाला छाटू?" मेहुणा जमिनीवरूनच ओरडला. "मी लोखंडी बॉक्स लावला होता. त्यात वायर घालायच्या भोकात करंगळी जाते!"

"लोखंडी बॉक्स?" साहेब सगळ्यांना घेऊन खोलीत आले आणि त्यांनी जळक्या ढिगातून बुटाने एक गोळा पुढे सरकवला. वितळलेलं प्लॅस्टिक, मोतिया रंगाचं. "मग हे काय आहे?"

"हे माझं नाही."

"सॉकेट पहिल्यापासून हेच होतं," मालकीणबाई म्हणाल्या. जरा जास्तच पटकन.

हिने त्यांच्याकडे बघितलं नाही. ती खोलीत नजर फिरवत होती. जे जळायचं राहिलं होतं ते सगळं मोतिया: पडद्याचा उरलेला तुकडा, कपाट, दाराजवळचं दिव्याचं बटण, पायपुसणंसुद्धा. मग ती भिंतीपाशी गेली आणि नाक भिंतीला लागेपर्यंत वाकली.

"ओ, इकडे या. काय दिसतं?"

मी बघितलं. काजळीत दोन ठिपके होते, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. आजूबाजूची काजळी गुळगुळीत, यांच्यावरची खरखरीत.

"बुजवलेली भोकं," ही म्हणाली. "काजळी जुन्या रंगावर एक बसते, ताज्या पुट्टीवर दुसरी. या छोट्या सॉकेटला वीतभर अंतरावर स्क्रू लागत नाहीत. इथे काहीतरी मोठं होतं."

दारात एसीवाला उभा होता. साहेबांनीच साक्षीला बोलावलेला. हा इतका गुळगुळीत बोलायचा, की त्याच्या शब्दांवरून माशी घसरावी.

"काय हो," हिने त्याला धरलं, "एसी तुम्हीच बसवलात ना?"

"गेल्या उन्हाळ्यात, मॅडम. फर्स्ट क्लास बसवला. मशीन अजून..."

"मशीन राहू दे. प्लग कशात घातलात?"

एसीवाल्याने मालकीणबाईंकडे बघितलं, मग साहेबांकडे, मग छताकडे. "माझं काम मशीनचं, मॅडम. भिंतीतलं मी बघत नाही."

"बघत नाही, पण प्लग घालताना डोळे मिटता का? उत्तर द्या, नाहीतर साहेब तुमच्याही खिशातला कागद मागतील."

"बॉक्समध्ये," तो पुटपुटला. "लोखंडी, करडा. गेल्या वर्षी तोच होता. पंधरा दिवसांपूर्वी मशीन धुवायला आलो तेव्हा ही मोतिया प्लेट होती. प्लग घातला तर जरा गरम वाटला. म्हटलं, उन्हाळाय."

"आणि कोणाला बोलला नाहीस?"

"मॅडम, भिंतीतलं मी..."

"बघत नाहीस. कळलं."

मालकीणबाई मटकन खाली बसल्या, नेमक्या राख सांडलेल्या जागी.

४

"मी तुमच्या भावाला फोन केला होता," त्या म्हणाल्या. आवाज रागाचा आणि रडण्याचा, दोन्ही. "तीनदा! म्हटलं, सगळी खोली एका रंगाची केलीय आणि मधोमध हा करडा डबा. बदलून द्या. तर म्हणाले, 'बाई, मी भिंतींचा शृंगार करत नाही.' आणि फोन ठेवला."

ही भावाकडे वळली. "असं बोललास?"

"तो बॉक्स योग्य होता, ताई."

"योग्य होता हे सांगितलंस? की तो काढला तर काय होईल, ते सांगितलंस?"

 मेहुण्याने पक्कड खिशात घातली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला हातांचं काय करावं कळत नव्हतं.

"म्हणजे बाई, तुम्हीच कोणाकडून तरी बदलून घेतलंत," साहेब म्हणाले. "कोणाकडून?"

"माहीत नाही. रस्त्यावरचा कोणीतरी. नाव नाही विचारलं."

"दिसायला कसा?"

"उंच. नाही, म्हणजे... मध्यम."

साहेबांनी वही मिटली. "सव्वातीन. रस्त्यावरचा उंच-मध्यम माणूस मी अहवालात लिहू शकत नाही. परवाना याचा आहे, वायरिंग याचं आहे. माफ करा, मीटरबाई."

पण मीटरबाई खोलीत नव्हत्याच. जळक्या टोकावर भिंग धरून त्या दिवाणखान्यातल्या उजेडात गेल्या होत्या. मी मागे गेलो.

"अहो, बेचाळीस तारा," ती माझ्याशी कुजबुजली, "आणि एकही लांब-आखूड नाही. सगळ्या एका पातळीत. पकडीने छाटल्या तर चुरगळतात. आपल्या धाकट्याच्या हाताने या जन्मात असं होणार नाही. त्याने तुमची नखं कापली तर बोट जाईल. ज्याने हे केलं त्याने एकेक तार वेगळी धरून कापलीय. तेवढा धीर आणि तेवढं बारीक हत्यार कोणाकडे असेल?"

आम्ही दोघांनी एकदमच दाराजवळच्या स्टुलाकडे बघितलं.

स्टूल रिकामं होतं.

५

घड्याळजी मागच्या गॅलरीत होते. खिडकीच्या कट्ट्याला लागून त्यांनी छोटं टेबल मांडलं होतं. डोळ्याला भिंग, पुढ्यात कोणाचं तरी उघडं घड्याळ. बारीक स्क्रू आणि स्प्रिंगा ठेवायला एक करडा लोखंडी डबा होता. वीतभर लांब, दोन टोकांना दोन भोकं.

"बाबा," हिने हाक मारली. इतक्या मऊ आवाजात ही माझ्याशी लग्नातसुद्धा बोलली नव्हती. "हा डबा छान आहे."

"मजबूत आहे. लेक टाकून देत होती." त्यांनी भिंग काढलं. "तुम्ही तरी आलात. काल दुपारपासून कोणी या बाजूला फिरकलं नाही. बसा."

ही चक्क बसली. मी काळजीत पडलो.

"खोलीतलं मोतिया सॉकेट तुम्ही बसवलंत?"

"मीच. सुंदर बसलं होतं. वायर मेली जाडजूड, सॉकेटचं भोक सुईचं. तो वायरमन असता तर हातोडीने ठोकली असती. मी बसून एकेक तार काढली. भोकात जेवढ्या सहज मावतील तेवढ्याच ठेवल्या. सुटा भाग बसत नसेल तर घासून बसवायचा, पण जोर करायचा नाही. पन्नास वर्षं हेच केलं."

"बाबा!" दारात मालकीणबाई उभ्या होत्या, मागे सगळेच. "नका बोलू काही."

"का? काय केलं मी?" घड्याळजींनी एकेकाचा चेहरा बघितला. "वीज काय, चौदा तारांतून जातेच की. एसी चालत होता. केसाएवढ्या स्प्रिंगवर अख्खं घड्याळ चालतं!"

"घड्याळाला ओझं नसतं, बाबा," ही म्हणाली. "बारा अँपिअरला जाड रस्ता लागतो. तुम्ही तो भोकापाशी चौथाईवर आणलात. सगळी उष्णता तिथे कोंडली."

 हातातला चिमटा घड्याळजींनी अगदी सावकाश टेबलावर ठेवला, जणू आता तोही पेट घेईल. "म्हणजे ती आग..." त्यांनी मेहुण्याकडे बघितलं. "आणि हे लोक कालपासून याला धरून बसलेत?"

"मी सांगणार होते," मालकीणबाई रडत म्हणाल्या. "पण तुम्ही इथे सुखाने राहायला आलात, आणि मीच तुम्हाला..."

"लिहा साहेब," म्हातारा म्हणाला. "माझं नाव लिहा."

साहेबांनी वही उघडली. मेहुण्याने इतका मोठा श्वास सोडला, की गॅलरीत वाळत घातलेले कपडे हलले. मी तर टाळी द्यायला हात पुढे केला होता.

पण ही टेबलाकडेच बघत होती. डब्याच्या कोपऱ्यात तांब्याच्या तारांच्या जुड्या होत्या, दोऱ्याने नीट बांधलेल्या. घड्याळजी काही फेकत नसत. हिने एक जुडी सोडली आणि मोजली.

"बेचाळीस. एका वायरीच्या टोकाच्या. सॉकेटला वीज येणारी एक वायर, परत जाणारी दुसरी. म्हणजे एका सॉकेटच्या दोन जुड्या." तिचा आवाज बदलला. "बाबा, इथे सहा का आहेत?"

६

"शेजाऱ्यांना आवडलं ना," घड्याळजी म्हणाले.  "दोन नंबरवाल्यांनी बसवून घेतलं. आणि वर, सात नंबरला. तिचं बाळ तीन महिन्यांचं आहे. दिवसभर एसी..."

पुढचं कोणी ऐकलं नाही. या इमारतीतल्या सगळ्या एसींची वायर मेहुण्यानेच टाकली होती. तो जिन्यावर होता. परवाना साहेबांच्या खिशात आहे हेसुद्धा तो विसरला. ही त्याच्या मागे, तिच्या मागे साहेब, त्यांच्या मागे मी.

"सात नंबर वर, मी जातो!" मेहुणा ओरडला. "दाजी, तुम्ही दोन नंबर!"

दोन नंबरला कुलूप. शेजारी म्हणाले, आठवड्यासाठी गावाला गेलेत. खिडकीबाहेरचं एसीचं यंत्र थंड. मी परत दोन मजले वर धावलो. माझ्या वयात दोन मजले म्हणजे डोंगरच. मी तो तीन उड्यांत चढलो. बरं, तीन थांब्यांत.

सात नंबरच्या दाराशी मेहुणा बेल दाबत होता. बेल वाजत होती, दार उघडत नव्हतं. जिन्यातल्या खिडकीतून बाहेरचं एसीचं यंत्र दिसत होतं. घरघर चालू.

"झोपली असेल!" ही दारावर दोन्ही हातांनी थापा मारत होती. "अगं पोरी, ऊठ! एसी बंद कर!"

साहेबांनी खांदा लावला. दार सागवानी. मी वाकून दाराच्या फटीला नाक लावलं आणि मला वास आला. याबाबतीत मी काडीचीही भर घालत नाही. तापलेल्या प्लॅस्टिकचा वास, आंबूस, नाकात चढणारा.

"धाकट्या, वास येतोय."

मेहुण्याने मागे होऊन दारावर लाथ घातली. दार हललं नाही.

आणि घरघर थांबली.

नुसती सात नंबरची नाही. अख्ख्या इमारतीतली. पंखे, पंप, कोणाचा तरी रेडिओ, सगळं एका झटक्यात गप्प झालं.

उकाडा घरात शिरायला मिनिटही लागलं नसेल. आतून बाळ रडायला लागलं. कडी वाजली. दारात सात नंबरवाली उभी, केस विस्कटलेले, खांद्यावर बाळ. "काय चाललंय? आत्ता कुठे झोपलं होतं!"

मेहुणा तिच्या बाजूने आत घुसला. पलंगाच्या उशाशी मोतिया प्लेट होती. तिचा मधला भाग तपकिरी होऊन फुगला होता. त्याने तळहाताची मागची बाजू जवळ नेली आणि झटकन मागे घेतली. मग स्क्रू ड्रायव्हर दातांत धरून प्लेट खोलायला बसला. दोन्ही हात गुंतलेले होते. साहेब मागून आले, खिशातून तो घडी केलेला कागद काढला आणि न बोलता त्याच्या शर्टाच्या खिशात सरकवला.

बाहेर तोवर मजल्यामजल्यावर दारं उघडत होती. भर दुपारी वीज गेली की माणसं कशी बोलतात ते तुम्हाला माहीत आहे. त्यातले निम्मे शब्द मी इथे लिहू शकत नाही. एकच प्रश्न जिन्यातून वर-खाली फिरत होता, दर फेरीला जास्त चिडून.

"मेन स्विच कोणी पाडला?"

मी कठड्यावरून खाली वाकलो. आम्ही सगळे वर धावलो तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गुडघ्यांनी वर चढणं जमणार नाही, हे एकाच माणसाने ओळखलं होतं, आणि तो एकटाच खाली गेला होता. तळमजल्यावर मीटरच्या कपाटाची दोन्ही दारं सताड उघडी होती. लाल मुठीवर हात तसाच ठेवून घड्याळजी उभे होते. चारी बाजूंनी लोक त्यांच्यावर ओरडत होते.

त्यांनी मान वर केली. आवाज एवढा मोठा, की मला वाटलं कोणी दुसराच बोलला.

"मी पाडला. बाळ कसं आहे?"